स्थूल माणसाची चाकरी

इंग्लंडमधील लेस्टर शहराच्या तुरुंगावर अठराव्या शतकाच्या अखेरीस डॅनिअल लँबर्ट नांवाचा एक अधिकारी होता. जन्म १७७० चा. बाप त्याच तुरुंगाचा रखवालदार. त्याच्यामागून ही जागा मुलाकडे आली. तरुणपणीं हा गृहस्थ उत्तम पोहणारा, कुत्र्यांचा आणि शिकारीचा मोठा शोकी होता. पुढें बैठें काम गळ्यांत पडलें आणि देह वाढूं लागला. तो मद्याला स्पर्श करीत नसे, त्याचें खाणेंही बेताचेंच होतें, असें त्या काळच्या लेखांत सांगितलेलें आहे. पण त्यामुळें वजनाची वाढ कांहीं थांबली नाहीं. तुरुंगाचें काम मात्र बिनबोभाट चाललें होतें, आणि कैद्यांनाही हा अधिकारी आवडत असे.

१८०५ मध्यें तो तुरुंगच बंद झाला. शहरच्या न्यायाधीशांनीं त्याला सालीना ५० पौंडांची नेमणूक करून दिली. यावरून त्याच्या चाकरीविषयीं कोणाची तक्रार नव्हती हें दिसतें. पण दुसरें काम कांहीं मिळालें नाहीं. लोकांच्या नजरा टाळण्यासाठीं तो घरांत दडून बसूं लागला. शेवटीं पैशाची ओढ इतकी लागली कीं, १८०६ मध्यें मुद्दाम बनविलेल्या गाडींतून तो लंडनला गेला, पिकॅडिली भागांत त्यानें बिऱ्हाड केलें, आणि जो कोणी एक शिलिंग देईल त्याला आपला देह पाहूं देण्याचा धंदा त्यानें मांडला. लंडनचे लोक रांगा लावून आले. १८०९ मध्यें तो वारला तेव्हां त्याचें वजन ७३९ पौंड, म्हणजे सुमारें ३३५ किलो भरलें, आणि शवपेटी चाकें लावून बाहेर काढावी लागली.

ही हकीकत बहुधा एक आश्चर्य म्हणून सांगितली जाते. मला तींत निराळेंच कांहीं दिसतें. जोंपर्यंत लँबर्टकडे काम होतें तोंपर्यंत तें तो करूं शकतो कीं नाहीं असा प्रश्न कोणीं केला नाहीं; ज्या दिवशीं काम सुटलें त्या दिवसापासून त्याचें शरीर हीच त्याची पहिली ओळख झाली. स्थूलता हें नोकरीच्या बाबतींत अपंगत्व मानावें काय, हा आपला आजचा विषय आहे. तो दिसायला वैद्यकाचा आहे. परंतु त्याचा इतिहास बव्हंशीं मालकांच्या कचेऱ्यांत आणि न्यायमंदिरांत घडलेला आहे.

आपल्या घरांतून स्थूलतेविषयीं फारसा तिरस्कार पूर्वीं नव्हता. सासरीं गेलेली मुलगी चार महिन्यांनीं माहेरीं आली आणि अंगानें भरलेली दिसली, म्हणजे ‘पोर सुखांत आहे’ असें म्हणून आई समाधान पावे. ‘खात्यापित्या घरचा’ हा वाक्प्रचार त्याच समजुतींतून निघाला. वैद्यांचें मत मात्र पहिल्यापासून वेगळें होतें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत निंद्य देहांचे आठ प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांत अतिस्थूल व अतिकृश हे दोघे शेजारी शेजारी बसविलेले आहेत. अतिस्थूलाला होणारे त्रासही तेथें मोजून दिले आहेत. पण तें सारें रोग्याच्या हिताचें बोलणें झालें. या माणसाला कामावर घ्यावें कीं घेऊं नये, असा सल्ला चरकाकडे मागायला कोणी धनी गेला नव्हता.

हा सल्ला मागण्याची सोय पाश्चात्त्य देशांत झाली ती आंकड्यांमुळें. बेल्जममधील आदोल्फ केत्ले हा मूळचा गणिती आणि ज्योतिषी. हजारों माणसांच्या मापांवरून ‘सरासरीचा मनुष्य’ कसा असतो तें काढावें, हा त्याचा छंद होता. प्रौढ माणसाचें वजन त्याच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलतें, असें त्यानें १८३२ मध्यें दाखविलें. कोण निरोगी आणि कोण रोगी हें ठरविण्याचा त्याचा हेतु नव्हता. तो समुदायाचा अभ्यासक होता. एकट्यादुकट्या माणसाला तागडींत घालण्याशीं त्याला कर्तव्य नव्हतें. पुढें विमा कंपन्यांना मरणाचा हिशेब बांधावयाचा होता, म्हणून अमेरिकेंतील मेट्रोपॉलिटन विमा कंपनीनें १९४२ मध्यें स्त्रियांचीं आणि १९४३ मध्यें पुरुषांचीं ‘आदर्श वजनांचीं’ कोष्टकें छापलीं. १९७२ मध्यें अँसल कीज या शास्त्रज्ञानें केत्लेच्या जुन्या गुणोत्तराला ‘बॉडी मास इंडेक्स’ असें नांव दिलें, आणि आतां त्याचा आंकडा ३० वर गेला कीं माणूस स्थूल, असें जगभर मानलें जातें. समुदायासाठीं काढलेलें माप अशा रीतीनें एकेका उमेदवाराच्या गळ्यांत अडकविलें गेलें. कारखान्याच्या डॉक्टरला तें फार सोयीचें पडलें. तपासणीला दोन मिनिटें पुरतात आणि कारण विचारलें तर आंकडा दाखवितां येतो.

दुसऱ्या बाजूनें अपंगांच्या नोकरीचा कायदा वाढत होता. त्याचा जन्म लढायांतून झाला. दुसरें महायुद्ध चालू असतांनाच, १९४४ मध्यें, ब्रिटननें असा कायदा केला कीं, ज्याच्या पदरीं वीस किंवा अधिक माणसें आहेत त्या मालकानें शेंकडा ३ जागा नोंदलेल्या अपंगांना द्याव्यात. डोळ्यांसमोर होते ते रणांगणावरून हातपाय गमावून आलेले शिपाई. अपंग कोण याविषयीं त्या वेळीं फारसा घोळ नव्हता. अमेरिकेंत १९७३ चा पुनर्वसनाचा कायदा आला आणि सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनीं अपंगत्वामुळें कोणाला नाकारूं नये असें ठरलें. त्यांत एक दूरदर्शी कलम होतें. जो खरोखर अपंग आहे त्यालाच नव्हे, तर ज्याला लोक अपंग ‘समजतात’ त्यालाही संरक्षण मिळावें, असें तें कलम म्हणतें. स्थूल माणसांना पुढें जो काय न्याय मिळाला तो पुष्कळसा याच दारानें मिळाला.

पण आधीं न्यूयॉर्कचा एक दावा पाहूं. १९७४ मध्यें झेरॉक्स कंपनीनें कॅथरिन मॅक्डरमॉट या बाईंना सल्लागाराची जागा देऊं केली; अट एवढीच कीं वैद्यकीय तपासणी व्हावी. बाईंची उंची ५ फूट ६ इंच आणि वजन २४९ पौंड. कंपनीच्या डॉक्टरनें स्थूलतेचा शेरा मारला आणि नोकरी गेली. कज्जा अकरा वर्षें चालला. ही बाई अपंग नाहींच, सबब कायदा तिला लागू नाहीं, असें कंपनीचें म्हणणें. गंमत अशी कीं, तिला वैद्यकीय दृष्ट्या अयोग्य ठरविणारा दाखला खुद्द कंपनीच्या डॉक्टरनेंच दिलेला होता! वैद्याच्या तोंडानें रोगी म्हणावयाचें आणि वकिलाच्या तोंडानें धडधाकट, हा दुटप्पीपणा न्यूयॉर्कच्या सर्वश्रेष्ठ न्यायालयानें १९८५ मध्यें चालूं दिला नाहीं. ती काम करण्यास समर्थ आहे याविषयीं वाद नव्हता, आणि उद्यां कदाचित् आजार होईल ही भीति आज नोकरी नाकारण्यास पुरी पडत नाहीं, असा त्या निकालाचा आशय.

यानंतरचा मोठा खटला ऱ्होड आयलंड या चिमुकल्या संस्थानांतला. तेथें मतिमंदांसाठीं लॅड सेंटर नांवाचें सरकारी वसतिस्थान होतें. बॉनी कुक या बाईंनीं तेथें परिचारिकेचें काम दोन वेळां केलें होतें, १९७८ पासून १९८० पर्यंत आणि पुन्हां १९८१ पासून १९८६ पर्यंत. दोन्ही वेळां त्या आपण होऊन गेल्या. कामाबद्दल एका अक्षराची तक्रार नाहीं. १९८८ मध्यें त्यांनीं त्याच जागेसाठीं तिसऱ्यांदां अर्ज केला. उंची ५ फूट २ इंच आणि वजन ३२० पौंडांच्या वर. तपासणाऱ्या परिचारिकेला वजनाशिवाय कामाच्या आड येणारें कांहींच सांपडलें नाहीं. तरीही नकार आला. कारणें दोन दाखविलीं : आग लागली तर ही बाई रहिवाशांना चपळाईनें बाहेर कशी काढणार, आणि हिला पुढें रोग जडले तर रजा व भरपाई यांचा भार पडणार.

ज्या बाईनें तेंच काम तेथेंच सात वर्षें निर्वेध केलें, तिला पुढें काय होईल याच्या कल्पनेवरून दार बंद! ज्यूरीनें कुकबाईंना १ लक्ष डॉलर भरपाई दिली आणि न्यायालयानें त्यांना कामावर घेण्याचा हुकूम केला. १९९३ च्या नोव्हेंबरांत वरिष्ठ न्यायालयांत न्यायमूर्ति ब्रूस सेल्या यांनीं तो निकाल कायम केला. सरकारी वकिलांचा एक मुद्दा असा होता कीं, वजन हें माणसाच्या हातचें आहे, तें उतरवितां येतें, मग तें अपंगत्व कसें? बहुतेक घरांतून हाच युक्तिवाद ऐकूं येतो, म्हणून त्याचें उत्तर ऐकण्यासारखें आहे. अपंगत्व कसें आलें आणि तें कधीं जाईल काय, हें कायद्यानें विचारलेलेंच नाहीं, असें न्यायालयानें सांगितलें. बेफाम गाडी हांकून पाय गमावलेल्या माणसाला आपण कुबड्या नाकारीत नाहीं. शिवाय शरीरांतील पचनपोषणाचा बिघाड वजन उतरल्यावरही टिकून राहतो, असा पुरावा तेथें आला होता.

या निकालानंतर वाट मोकळी झाली असें अनेकांना वाटलें, झालें उलट. अमेरिकेच्या पुष्कळ केंद्रीय न्यायालयांनीं पुढें असा दंडक घातला कीं, स्थूलतेच्या मुळाशीं एखादा शारीरिक विकार आहे असें दाखवा, तरच तें कायद्यांतलें वैगुण्य ठरेल. नुसतें वजन पुरणार नाहीं. बर्लिंग्टन नॉर्दर्न रेल्वेचा नियम असा होता कीं, जोखमीच्या जागांवर ४० च्या पुढील आंकड्याचा नवा माणूस घ्यावयाचा नाहीं. अशाच एका उमेदवारानें दावा केला आणि २०१६ मध्यें तो केंद्रीय न्यायालयांत हरला. त्याच रेल्वेवर वॉशिंग्टन संस्थानांतील दुसऱ्या एका उमेदवाराचा दावा होता. २०१९ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें, आमच्या संस्थानच्या कायद्याप्रमाणें स्थूलता हें सदैव वैगुण्यच होय, असें सांगितलें. कंपनी एक आणि नियम एक असूनही एका न्यायालयांत स्थूल माणूस कायद्याबाहेर राहिला व दुसऱ्यांत आंत आला. मालकाची बाजू अगदींच पोकळ असते असेंही नाहीं. शिकागो शहरांतील एका बसचालकाचा दावा २०१९ मध्यें फेटाळला गेला. तेथील बसगाड्यांच्या चालकाच्या बैठका ४०० पौंड भार सहन करण्यासाठीं बांधलेल्या होत्या, आणि उतारूंचा जीव चालकाच्या हातीं असतो. अशा जागीं प्रत्यक्ष गाडी चालवून दाखव असें म्हणणें रास्तच आहे. माझा आक्षेप परीक्षेला नाहीं, परीक्षेऐवजीं कोष्टक पाहण्याला आहे.

मिशिगन संस्थानानें ही गांठ फार पूर्वींच निराळ्या तऱ्हेनें सोडविली होती. तेथील १९७६ च्या नागरी हक्कांच्या कायद्यांत वंश, धर्म, वय यांच्या ओळींतच उंची आणि वजन हे शब्द घातले आहेत. म्हणजे अपंग आहों असें सिद्ध करण्याची गरजच उरली नाहीं. हा उपाय लठ्ठ माणसांपुरता नाहीं हें ध्यानांत ठेवावें. अलाबामा संस्थानांत तुरुंगाच्या रखवालदारीसाठीं निदान १२० पौंड वजन हवें असा नियम होता, आणि डायॅन रॉलिन्सन या बाईंना वजन कमी म्हणून नाकारलें गेलें. १९७७ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो नियम स्त्रियांवर अन्याय करणारा म्हणून मोडून काढला. चरकानें शेजारी बसविलेले अतिकृश आणि अतिस्थूल असे न्यायालयाच्या पायरीवर पुन्हां शेजारी आले. न्यूयॉर्क शहरानें २०२३ मध्यें मिशिगनचाच मार्ग धरला. मात्र कामाला विशिष्ट वजन खरोखर अवश्य असेल तेथें सूट ठेवली. मला हा मार्ग अधिक सरळ वाटतो. माणसाला भाकरी मागतांना आधीं दुबळेपणाचा कबुलीजबाब द्यावा लागूं नये.

आपल्या देशांत हा प्रश्न विमानांतून आला. २००९ च्या आरंभीं, त्या वेळीं सरकारी मालकीच्या असलेल्या एअर इंडियानें कांहीं हवाई सेविकांना वजन मर्यादेबाहेर गेल्याच्या कारणावरून कामावरून काढलें. त्यांतल्या कांहीं जणींची पुष्कळ वर्षांची नोकरी झालेली होती. अपंगांच्या कायद्याचा आधार त्यांना मिळण्यासारखा नव्हता. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे सातच प्रकार मोजलेले होते. २०१६ च्या नव्या कायद्यानें ते २१ केले, पण त्या यादींतही स्थूलता नाहीं. मात्र याच कायद्यांत यादीखेरीज एक सर्वसाधारण व्याख्याही आहे. दीर्घकाळ टिकणाऱ्या ज्या वैगुण्यामुळें, भोंवतालच्या अडथळ्यांशीं गांठ पडून, माणसाला समाजांत इतरांच्या बरोबरीनें पूर्ण भाग घेतां येत नाहीं, तें अपंगत्व, असा तिचा अर्थ. ही भाषा संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारांतून आलेली आहे, आणि तीच भाषा युरोपच्या न्यायालयानेंही स्वीकारली. स्थूल माणसाच्या बाबतींत ती कसास लागली डेन्मार्कमध्यें.

बिलुंड हें डेन्मार्कमधील लहानसें गांव. लेगोच्या खेळण्यांचा कारखाना तेथलाच. तेथील नगरपालिकेनें १९९६ मध्यें कार्स्टेन काल्टोफ्ट या गृहस्थास मुलें सांभाळण्याच्या कामावर नेमलें. त्या देशांत ही पद्धतच आहे : कामावर जाणारे आईबाप लहान मुलें सकाळीं अशा पगारी माणसाच्या घरीं आणून सोडतात. काल्टोफ्टला चार मुलें सांभाळण्याची परवानगी होती. त्याची उंची १७२ सेंटिमीटर, वजन १६० किलोच्या वर, आंकडा ५४. नगरपालिकेनें त्याला व्यायामशाळेचा खर्च २००८ च्या जानेवारीपासून वर्षभर दिला. वजन उतरलें आणि पुन्हां चढलें, जसें बहुतेकांचें चढतें. घरगुती कारणासाठीं वर्षभर रजा घेऊन २०१० च्या मार्चमध्यें तो परत कामावर आला, तेव्हां मुख्य अधिकारी न कळवितां घरीं येऊन वजनाची चौकशी करून गेल्या. त्याच वर्षीं गांवांत मुलें कमी झालीं आणि एक माणूस कमी करावयाचा ठरला. निवड काल्टोफ्टची झाली. नोव्हेंबरांत त्याला बोलावलें गेलें तेव्हां त्यानें विचारलें कीं, इतक्या जणांतून मीच कां? त्या बैठकींत त्याच्या स्थूलतेचा विषय निघाला हें दोन्ही पक्षांना कबूल होतें. कोणत्या संदर्भांत निघाला याविषयीं मात्र दोघांचें जमलें नाहीं. बडतर्फीच्या पत्रांत लिहिलें होतें तें एवढेंच कीं, मुलांची संख्या घटली आहे.

त्याच्या कामगार संघानें दावा लावला. कोल्डिंगच्या न्यायालयानें तो प्रश्न लक्सेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाकडे पाठविला. सरकारी अभिवक्ता यास्किनेन यांनीं २०१४ च्या जुलैमध्यें मत दिलें कीं, ४० च्या पलीकडील स्थूलता कधीं कधीं अपंगत्व ठरूं शकेल. काल्टोफ्ट स्वतः मात्र वार्ताहरांना सांगत होता कीं, मी अपंग नाहीं, मी मुलांबरोबर जमिनीवर बसून खेळतों. वकिलांना ज्यानें मदत झाली असती तें बोलणें त्याच्या तोंडून निघेना. मला या प्रामाणिकपणाचें कौतुक वाटतें, आणि पुढें काय झालें तें वाचून वाईटही वाटतें.

१८ डिसेंबर २०१४ रोजीं निकाल आला. स्थूलतेमुळें पक्षपात करूं नये असा सर्वसाधारण नियम युरोपच्या कायद्यांत नाहीं. स्थूलता स्वतः अपंगत्व नव्हे. परंतु तिच्यामुळें हालचाल किंवा काम यांत दीर्घकाळ अडथळा येत असेल तर ती अपंगत्व होऊं शकते, मग ती कशामुळेंही आलेली असो. असा अडथळा काल्टोफ्टला होता काय, तें कोल्डिंगनें पाहावें. कोल्डिंगच्या न्यायालयानें २०१६ मध्यें तें पाहिलें. हा मनुष्य पंधरा वर्षें मुलें सांभाळीत आला होता आणि वजनामुळें त्याचें काम अडलें असें दाखविणारा पुरावा कांहींच नव्हता. सबब तो अपंग नाहीं, असें ठरवून त्याचा दावा काढून टाकण्यांत आला.